एरियल : एक हिब्रू नाव आणि त्याचे उद्योग

एरियल हे मूळचं हिब्रू नाव. तिकडचा उच्चार अरि-एल, जोर शेवटच्या 'एल'वर, आणि अर्थ बहुतेक ठिकाणी 'देवाचा सिंह' असाच दिलेला सापडतो. आलेफ, रेश, योद, आलेफ, लामेद अशी पाच अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची. 'अरी' म्हणजे सिंह आणि 'एल' म्हणजे देव, आणि हा 'एल' आपल्या चांगल्या ओळखीचा आहे फक्त कधी लक्ष गेलेलं नसतं, डॅनिएल, सॅम्युएल, मायकेल, गॅब्रिएल, इस्राएल या सगळ्यांच्या शेपटाला तोच लागलेला आहे. याच अर्थाचं अरबी नाव म्हणजे असदुल्ला (असद म्हणजे सिंह), आणि मिर्झा गालिब यांचं खरं नाव असदुल्ला खान, म्हणजे जेरुसलेमच्या एखाद्या ज्यू घरात जन्मले असते तर गालिबसाहेबांना हाक 'एरियल' अशी आली असती.

आपल्याकडे मात्र एरियल म्हटलं की धुण्याची पावडर. त्यात देवनागरीने अजून गोंधळ घातलाय. कारण दूरदर्शनच्या काळात गच्चीवर जो अँटेना असायचा, ज्याला पावसाळ्यात कोणीतरी वर जाऊन फिरवायचं आणि वरून 'आलं का?' खालून 'आलं आलं... गेलं!' असं चालायचं, तोही एरियलच, पण तो लॅटिनमधल्या हवेवरून आलेला शब्द, त्याचा सिंहाशी काही संबंध नाही. आणि कॉम्प्युटरवरचा एरियल फॉन्ट हा तिसराच, इंग्रजीत त्याच्या स्पेलिंगमध्ये 'ई'च्या जागी 'ए' आहे, १९८२ साली मोनोटाइप कंपनीत बनला आणि विंडोजबरोबर जगभर पसरला. तिघंही मराठीत एकसारखेच लिहितो आपण. ही नोंद पहिल्याची, म्हणजे हिब्रू नावाची आहे, फॉन्टचा विषय इथेच संपला, पण गच्चीवरच्या एरियलला पूर्ण बाहेर ठेवता येत नाही कारण पुढे या हिब्रू नावात हवा घुसलीच.

बायबलातला एरियल

इथेच खरी गंमत आहे, कारण 'देवाचा सिंह' हा अर्थ जितका सरळ वाटतो तितका तो नाहीये. हिब्रू बायबलात हा शब्द चार-पाच ठिकाणी येतो आणि दर वेळी वेगळाच काहीतरी निघतो. एज्राच्या पुस्तकात (८:१६) तो साधा माणूस आहे, बाबिलोनहून परत निघालेल्या लोकांसाठी मंदिराचे सेवक आणायला एज्राने ज्या पुढाऱ्यांना पाठवलं त्यातला एक, नाव येतं आणि तेवढ्यावरच संपतं. दुसऱ्या शमुवेलात (२३:२०) दावीदचा एक शूर सैनिक आहे बनाया, त्याने मवाबचे दोन 'अरिएल' मारले असं वाक्य आहे. आता दोन अरिएल म्हणजे काय? कोणी म्हणतं अरिएल नावाच्या माणसाची दोन मुलं, कोणी म्हणतं सिंहासारखे दोन योद्धे, आणि लगेच पुढच्याच वाक्यात हा बनाया बर्फ पडलेल्या दिवशी खड्ड्यात उतरून खराखुरा सिंह मारतो त्यामुळे वाचणारा आणखीनच चक्रावतो. भाषांतरकारांनी इथे आपापल्या अंदाजाने काम भागवलंय.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात अरिएल म्हणजे चक्क शहर, जेरुसलेम. 'दावीदने जिथे तळ दिला ते नगर' असं तिथेच सांगितलंय म्हणून शंका नाही. पण ते लाडाने घेतलेलं नाव नाही, धमकी आहे. हे अरिएल, तुला वेढा पडणार, तू आडवी होणार, आणि मग तू मला अरिएलसारखी होशील, असं देव म्हणतो. म्हणजे अरिएल अरिएलसारखं होईल, वाक्य वाचून डोकं धरावं. याचं कोडं सुटतं यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याकडे. त्याच्या ४३व्या अध्यायात मंदिराच्या वेदीची मापं दिलीयत आणि वेदीचा सगळ्यात वरचा भाग, जिथे बळी जाळतात ती अग्नीची जागा, तिला तो अरिएल म्हणतो, १२ हात लांब आणि १२ हात रुंद, चार कोपऱ्यांना चार शिंगं. त्याच वर्णनात 'हर-एल' म्हणजे देवाचा डोंगर असाही शब्द येतो. म्हणजे यशयाने शब्दाशी खेळ केलाय, सिंहाचं शहर बळीच्या चुलीसारखं होईल, रक्त आणि राख. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीबने जेरुसलेमवर चाल केली होती आणि बरेच अभ्यासक हा अध्याय त्या काळाशी जोडतात.

मग मूळ अर्थ कुठला, सिंह की चूल की डोंगर? याच्यावर भाषेचे लोक अजून भांडतायत. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान गावात मवाबचा राजा मेशाचा शिलालेख सापडला, इ.स.पू. नवव्या शतकातला, आता पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये आहे, त्यात राजा म्हणतो की मी जिंकलेल्या शहरातला 'अरएल' ओढून आणला आणि माझ्या देवासमोर ठेवला. ओढून आणण्यासारखी वस्तू म्हणजे वेदीचा भाग असणार असं काहींना वाटतं, काहींना माणूस वाटतो, त्यामुळे उत्तर मिळायच्या ऐवजी प्रश्नांत एकाची भर पडली. मला विचाराल तर वेदीचं पारडं जड वाटतं, पण नाव ठेवताना चुलीपेक्षा सिंह कधीही बरा, म्हणून सिंहच टिकला.

आणि ज्यू पंडितांनी दोन्ही सांभाळले. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, मिद्दोत नावाचा भाग आहे ज्यात मंदिराची मोजमापं आहेत, तिथे लिहिलंय की मंदिर पुढे रुंद आणि मागे अरुंद होतं, सिंहासारखं, आणि पुराव्याला यशयाची हीच ओळ दिलीय. सिंह समोरून बघा, आयाळीमुळे छाती केवढी आणि कंबर केवढी, वास्तुशास्त्राचं इतकं नेमकं वर्णन क्वचित वाचायला मिळतं. जेरुसलेम महापालिकेच्या चिन्हावर आजही सिंह उभा आहे, पण तो यहूदाच्या कुळाचा सिंह.

नंतरच्या काळात अरिएल देवदूतही झाला आणि उलटाही झाला. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जी जुनी हस्तलिखितं सापडली त्यातल्या एका ग्रंथात जग निर्माण करणाऱ्या अडाणी, गर्विष्ठ देवाला अरिएल म्हटलंय कारण त्याचं रूप सिंहाचं आहे. मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये देवाविरुद्ध बंड केलेल्या देवदूतांत एक एरियल टाकलाय. आजकालच्या एंजल कार्डवाल्यांकडे मात्र तो निसर्गाचा, प्राण्यांचा सांभाळ करणारा गोड देवदूत असतो.

हवा कुठून आली

शेक्सपियरकडून. 'द टेम्पेस्ट' हे नाटक १६१०-११ च्या सुमाराचं, त्यात प्रॉस्पेरो या जादूगाराच्या हाताखाली एरियल नावाचा वायुरूप आत्मा आहे, वादळ आणतो, गाणी म्हणतो, दिसेनासा होतो आणि सारखा विचारतो की माझी सुटका कधी. त्याला एका चेटकिणीने बारा वर्षं पाइनच्या झाडाच्या फटीत कोंडून ठेवलं होतं, प्रॉस्पेरोने सोडवलं आणि स्वतःच नोकर करून ठेवलं. इंग्रजी कानाला एरियलमध्ये 'एअर' ऐकू येतं, हवा, आणि तिथून पुढे हे नाव इंग्रजीत सिंहाचं राहिलंच नाही. यशयाच्या भविष्यवाणीपेक्षा या एका ऐकण्याने नावाचं जास्त काम केलं असं म्हणायला हरकत नाही, कारण यापुढे जे जे येतं त्यातलं बरंचसं या नाटकातूनच निघालंय.

शंभर वर्षांनी अलेक्झांडर पोपने 'द रेप ऑफ द लॉक'च्या १७१४ च्या वाढवलेल्या आवृत्तीत बेलिंडा नावाच्या तरुणीच्या रूपाची, केसांची राखण करणाऱ्या सूक्ष्म परीसेनेचा म्होरक्या म्हणून एरियलला नेमलं. बीबीसीच्या लंडनमधल्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या दारावर एरिक गिलने घडवलेले प्रॉस्पेरो आणि एरियल उभे आहेत, रेडिओ हवेतून जातो म्हणून एरियल, आणि बीबीसीच्या कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत मासिकाचं नावही एरियलच होतं. म्हणजे मराठीत लिपीमुळे जी गल्लत होते ती तिकडे लोकांनी मुद्दाम, मजेत केली, गच्चीवरचा एरियल आणि नाटकातला एरियल एकत्र आणले.

लॅटिन अमेरिकेत तर याचं राजकारण झालं. उरुग्वेच्या होसे एन्रिके रोदोने १९०० साली 'एरियल' नावाचा निबंध लिहिला, तरुणांना उद्देशून, की आपली संस्कृती म्हणजे एरियल, आत्म्याची, सौंदर्याची, आणि उत्तरेकडच्या पैशाच्या मागे लागलेल्या वृत्तीला भुलू नका. निबंध इतका गाजला की त्या विचाराला 'एरियलिस्मो' असं नाव पडलं. मेक्सिकोच्या सिनेमाचा सगळ्यात मोठा पुरस्कार एरियल, तो यावरूनच. मग उलटा वारा आला, क्यूबाचा लेखक रेतामार याने १९७१ मध्ये लिहिलं की आपण एरियल कसले, आपण कॅलिबान, त्याच नाटकातला बेटाचा मूळ मालक ज्याला गुलाम केलं. एमे सेझेर या मार्तिनिकच्या कवीने त्याआधीच, १९६९ मध्ये, नाटक नव्याने लिहून त्यात एरियलला मिश्रवंशाचा गुलाम केलं होतं, मालकाशी गोडीने बोलून सुटका मागणारा.

सिल्व्हिया प्लाथच्या १९६५ साली, तिच्या मृत्यूनंतर आलेल्या कवितासंग्रहाचं नावही एरियल. ती ज्या घोड्यावर बसायला शिकत होती त्याचं नाव ते. पण तिला हिब्रू अर्थ ठाऊक होता, त्या कवितेत 'देवाची सिंहीण' येते, म्हणजे इतक्या सगळ्या हवेनंतर कोणीतरी सिंहाला परत आणलं.

आकाशात आणि रस्त्यावर

युरेनसचा एक चंद्र एरियल आहे. लिव्हरपूलजवळ बीअर बनवण्याच्या धंद्यात पैसे कमावून त्या पैशांनी दुर्बिणी बांधणाऱ्या विल्यम लॅसेलने तो २४ ऑक्टोबर १८५१ ला शोधला, त्याच्याबरोबरच अंब्रिएलही. नावं सुचवली जॉन हर्शलने, ज्याच्या वडिलांनी युरेनस शोधला होता. व्यास साधारण ११६० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्ली विमानाने जेवढं अंतर जवळपास तेवढा, अडीच दिवसात एक फेरी, आणि युरेनसच्या मोठ्या चंद्रांत सगळ्यात उजळ. जवळून बघणारं यान आतापर्यंत एकच, व्हॉयेजर २, जानेवारी १९८६ मध्ये, तेही जाता जाता, त्यामुळे पृष्ठभागाचा तिसऱ्या हिश्श्याएवढाच भाग नीट दिसलाय, त्यात लांबलचक दऱ्या आहेत.

ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१, एप्रिल १९६२ मध्ये अमेरिकन रॉकेटवरून सोडलेला. याची कहाणी जरा वाईट आहे. अडीच महिन्यांनी, ९ जुलैला, त्याच अमेरिकेने पॅसिफिकवर आकाशात उंच 'स्टारफिश प्राइम' नावाचा अणुस्फोट केला आणि त्यातून पसरलेल्या किरणोत्साराने उपग्रहाची सौर पॅनेलं खराब झाली. युरोपची एक नवी अवकाश दुर्बीणही एरियल नावाची आहे, दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या सुमारे १००० ग्रहांचं वातावरण तपासणं हे तिचं काम, म्हणजे तिथेही विषय हवाच.

इंग्लंडमध्ये एरियल ही सायकल होती १८७०च्या सुमाराला, मोठं चाक पुढे वाली, मग त्याच नावाच्या मोटरसायकली निघाल्या, बर्मिंगहॅमच्या, त्यातली चार सिलिंडरची स्क्वेअर फोर जुन्या गाड्यांच्या शौकिनांना अजून वेड लावते. आता सॉमरसेटमध्ये एरियल अ‍ॅटम नावाची गाडी बनते, दारं नाहीत, छप्पर नाही, नुसता सांगाडा, हवा खाऊन घ्या.

पावडर, पंतप्रधान आणि जलपरी

पावडर प्रॉक्टर अँड गॅम्बलची, १९६७ पासून युरोपात, आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात आली. २०१५ मध्ये भारतातच यांनी 'शेअर द लोड' ही जाहिरात मोहीम काढली, कपडे धुणं फक्त बायकांचंच काम का असा प्रश्न विचारणारी, आणि पावडरीच्या जाहिरातीवर घरात चर्चा होण्याचा तो दुर्मिळ प्रसंग.

एरियल शेरॉन १९२८ चे, जन्माच्या वेळी आडनाव शाइनरमन, जवळचे लोक 'अरिक' म्हणायचे. २००१ ते २००६ इस्रायलचे पंतप्रधान, सप्टेंबर २००३ मध्ये भारतात आले, इस्रायली पंतप्रधानाची ती पहिली भारतभेट. २००६ च्या जानेवारीत मेंदूचा झटका आला आणि पुढची आठ वर्षं ते शुद्धीवर आलेच नाहीत, २०१४ ला गेले. शेरॉन हे तिकडे समुद्राकाठच्या सपाट प्रदेशाचं नाव, आपल्या वांद्र्या-वसईला ते मुलीचं नाव असतं. वेस्ट बँकमध्ये एरियल नावाचं इस्रायली वसाहतीचं शहर आहे, १९७८ साली वसवलेलं, तिथे विद्यापीठही आहे. बहुतेक देश या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याने बेकायदा मानतात, इस्रायल मानत नाही. शहराला शेरॉन यांचं नाव दिलंय असं पुष्कळांना वाटतं, तसं नाहीये, ते यशयातल्या नावावरून आहे.

शेरॉन पंतप्रधान असताना पॅलेस्टिनी उठाव चालू होता, तेव्हा इजिप्तमध्ये अफवा उठली की ही पावडर त्यांच्याच नावाची, आणि पाकिटावरच्या चित्रात ज्यूंचा तारा लपवलाय. बहिष्कार झाला. पावडर बाजारात आली तेव्हा शेरॉन सैन्यात होते आणि साबणवाल्यांना त्यांच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, पण कंपनीला खुलासे करत बसावं लागलं.

डिस्नेची जलपरी १९८९ ची. अँडरसनच्या १८३७ च्या मूळ गोष्टीत जलपरीला नावच नाही, लाल केसांची एरियल ही सिनेमावाल्यांची देणगी. यामुळे अमेरिकेत हे नाव मुलींकडे गेलं, तिथे उच्चार 'एअरिअल' आणि जोर पहिल्यावर. हिब्रूत मुळात ते मुलाचं नाव, मुलीसाठी अरिएला, फ्रेंचांकडे शेवटी दोन 'एल' आणि एक 'ई' लावून लिहितात. इस्रायलमध्ये गेल्या काही वर्षांत मुलांच्या सगळ्यात जास्त ठेवल्या जाणाऱ्या नावांत ते वरच्या बाजूला असतं, मुलींनाही ठेवतात, आणि अर्जेंटिनात ते नुसतं पुरुषांचं, फुटबॉलपटू एरियल ओर्तेगा आठवत असेल. देवनागरीत माणसाचं नाव लिहायचं असेल तर 'अरिएल' लिहिलेलं बरं, हिब्रूच्या जवळही जातं आणि कोणाला पावडर आठवत नाही.