अवतरणांवरून शब्दार्थ : इंग्रजी कोशपरंपरा

अपरिचित शब्दाचा अर्थ नुसत्या व्याख्येने न सांगता, तो शब्द ज्या वाक्यांत कोणी प्रत्यक्ष वापरला आहे ती वाक्ये समोर ठेवून उलगडण्याची पद्धत. इंग्रजीत ती आधी कोशकारांनी पुराव्यासाठी वापरली आणि पुढे भाषा शिकणाऱ्यांनी उचलली. हा क्रम ध्यानात ठेवलेला बरा. कोशातले अवतरण मुळात शिकवण्यासाठी निवडलेले नसते आणि शिकणाऱ्याच्या बऱ्याचशा अडचणी तिथूनच सुरू होतात.

कल्पना मूळ इंग्रजांची नव्हे. फ्लॉरेन्सच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेने १६१२ मध्ये काढलेल्या इटालियन कोशात दान्ते, पेत्रार्क, बोकाच्चो यांची वचने आधाराला दिली होती. इंग्रजीत ही रीत रुजवली सॅम्युएल जॉन्सन यांनी. १७४६ मध्ये लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशी १,५०० गिनींचा करार करून त्यांनी गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवले. जॉन्सन वाचता वाचता हवा तो शब्द शिसपेन्सिलीने अधोरेखित करत, उताऱ्याच्या दोन्ही टोकांना उभ्या रेघा मारत आणि समासात शब्दाचे आद्याक्षर लिहीत. लेखनिक तेवढा भाग कागदाच्या कपट्यावर उतरवून घेत. यांतली बरीच पुस्तके मित्रांकडून उसनी आणलेली होती. ती परत करताना मालकाच्या चेहऱ्याकडे पाहायची सोय नसणार.

१५ एप्रिल १७५५ रोजी दोन जाडजूड खंडांत हा कोश निघाला. त्यात ४२,७७३ नोंदी आणि सुमारे १,१४,००० अवतरणे होती. ‘टेक’ या साध्या क्रियापदाच्याच १३४ अर्थच्छटा जॉन्सन यांनी वेगळ्या काढल्या. अवतरणाचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. अवघड वाटणारा शास्त्रीय शब्द एका ओळीच्या व्याख्येत बसतो. रोजच्या वापरातले आखूड क्रियापद मात्र बसत नाही, ते वाक्यातच पाहावे लागते. उतारे निवडताना जॉन्सन यांनी शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बेकन आणि बायबल यांवर भर दिला. अर्थाबरोबर वाचकाला चार चांगले विचारही मिळावेत, असा त्यांचा हेतू होता. जागेअभावी मात्र उतारे छाटावे लागले आणि घाईच्या छाटणीत वाक्याचा मूळ रोखच बदलू शकतो, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

यापुढची उडी ऑक्स्फर्ड कोशाची. १८५७ मध्ये रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे उपलब्ध इंग्रजी कोशांतल्या उणिवा मांडल्या आणि त्यातून प्रत्येक शब्दाचा इतिहास अवतरणांतून दाखवणाऱ्या कोशाची योजना निघाली. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादकपद घेताच वाचकांना जाहीर आवाहन केले : पुस्तके वाचा आणि चिठ्ठ्या पाठवा. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात वर शब्द, मग साल, लेखक, ग्रंथ, पृष्ठ आणि खाली पूर्ण वाक्य. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. स्वयंसेवकांत पूर्वी बनारसला संस्कृत कॉलेजात असलेले फिट्झएडवर्ड हॉल होते, तसेच खुनाच्या प्रकरणानंतर ब्रॉडमूर मनोरुग्णालयात ठेवलेले अमेरिकी शल्यवैद्य विल्यम मायनर हेही होते. मायनर यांची पद्धत इतरांहून शहाणपणाची होती. ते एकेका पुस्तकातल्या शब्दांची सूची करून ठेवत, संपादकांचे काम कोणत्या शब्दावर चालले आहे ते विचारत आणि नेमकी तेवढीच अवतरणे धाडत.

बाकीच्या वाचकांनी एक गोची करून ठेवली. विलक्षण, जुने, नवे शब्द टिपा, असे त्यांना सांगितले होते. त्यांनी तेच टिपले. परिणामी ‘अब्यूजन’ या जवळजवळ मेलेल्या शब्दाच्या पन्नासएक चिठ्ठ्या जमल्या आणि ‘अब्यूज’ या चालू शब्दाच्या पाचही नाहीत, अशी तक्रार मरे यांना करावी लागली. माणसाचे लक्ष नवलाकडे जाते. साधा शब्द डोळ्यांखालून निसटतो. १९२८ मध्ये कोश पुरा झाला तेव्हा त्यात अठरा लाखांवर अवतरणे होती. त्यात सर्वांत जुना अर्थ आधी येतो, त्यामुळे ‘नाइस’ची नोंद उघडणाऱ्याला प्रथम ‘मूर्ख’ हाच अर्थ भेटतो. अभ्यासकाला हे सोन्यासारखे, नवशिक्याला गोंधळात पाडणारे.

हीच रीत हिंदुस्थानातल्या इंग्रजीला लावली ती हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी, ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातले उतारे त्यातल्या फळांच्या व औषधींच्या नोंदींत वारंवार भेटतात. मराठीत दाते-कर्वे प्रभृतींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) ज्ञानेश्वरीपासूनचे दाखले संदर्भासह दिले.

शिकणाऱ्यांसाठी खास कोश पुढे आले. ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला. त्यातली वाक्ये शिकवण्याच्या सोयीने रचलेली होती. उलट बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली झालेल्या कोबिल्ड कोशाने (१९८७) संगणकात साठवलेल्या खऱ्या लेखन-भाषणातलीच वाक्ये घेतली. खरे वाक्य अस्सल असते, पण परक्या नावांचे नि प्रसंगांचे ओझे घेऊन येते. रचलेले सोपे असते, पण तसे कोणी बोलत नाही. हा वाद पुरता मिटलेला नाही.

एका अवतरणावरून अर्थ ओळखता येतो, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. इझाबेल बेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले की काही संदर्भ चक्क दिशाभूल करतात. त्यांच्या उदाहरणात स्पर्धा जिंकलेल्या नर्तिकेच्या पदन्यासाची दुसरी मुलगी ‘ग्रजिंगली’ स्तुती करते. वाचक ‘मनापासून’ असा अर्थ घेतो. खरा अर्थ ‘नाइलाजाने, मनात असूया ठेवून’. शिवाय भोवतालचे शब्द ओळखीचे असावे लागतात. हू आणि नेशन यांच्या २००० मधल्या अभ्यासानुसार कथात्म मजकूर विनासायास समजायला ९८ टक्के, म्हणजे पन्नासांतले एकोणपन्नास शब्द आधी ठाऊक हवेत. शेक्सपिअरच्या ओळीवरून शब्द शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याचे हाल यावरून कळावेत.

म्हणून हल्ली एकाऐवजी अनेक अवतरणे, शोधलेला शब्द मधल्या स्तंभात येईल अशी एकाखाली एक लावून वाचतात. ‘कॉज’ हे क्रियापद असे पाहिले की उजवीकडे नुकसान, मृत्यू, त्रास, अडचण यांचीच रांग दिसते, आनंद क्वचितच. ‘घडवून आणणे’ एवढीच व्याख्या पाठ केलेल्याला हे कळत नाही आणि मग तो बिनदिक्कत ‘कॉज हॅपिनेस’ लिहून मोकळा होतो.