गेल्या वर्षीचा हाच आठवडा नेमका कोणता?

नागपुरात सीताबर्डीवरच्या एखाद्या कापड दुकानाचा ऑगस्ट महिन्याचा हिशेब घेऊ. रविवारी तिथे इतर दिवसांच्या दुप्पट विक्री होते असे धरू आणि साध्या दिवसाच्या विक्रीला एक एकक म्हणू. ऑगस्ट २०२४ मध्ये चार रविवार होते, म्हणून महिन्याची विक्री ३५ एकके. ऑगस्ट २०२५ शुक्रवारी सुरू झाला, त्यात पाच रविवार आले, म्हणून ३६. दुकानात काहीही बदललेले नसताना कागदावर जवळपास २.९ टक्के वाढ दिसते आणि तिचे सारे श्रेय त्या एका जादा रविवारचे असते.

यावर सरळ उपाय म्हणजे तारखेऐवजी वार जुळवणे. आजच्या विक्रीची तुलना बरोबर ३६४ दिवसांपूर्वीच्या विक्रीशी केली, तर ५२ पूर्ण आठवडे मागे जाऊन सोमवारसमोर सोमवारच येतो. अडचण एवढीच की वर्ष ३६५ दिवसांचे आणि लीप वर्ष ३६६ दिवसांचे असल्याने दर वर्षी एक-दोन दिवस शिल्लक राहतात, आणि पाच-सहा वर्षांत त्यांचा अख्खा आठवडा साचतो. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा मानला जातो, त्यामुळे साचलेल्या दिवसांसाठी काही वर्षांना ५३ वा आठवडा द्यावा लागतो. किती वर्षांना, हे तोंडी काढता येते: ग्रेगरियन दिनदर्शिकेचे ४०० वर्षांचे चक्र १,४६,०९७ दिवसांचे, म्हणजे नेमके २०,८७१ आठवड्यांचे असते, त्यातून ४०० गुणिले ५२, म्हणजे २०,८०० वजा केले की ७१ उरतात. २०१५ आणि २०२० ही अशी वर्षे होती, आणि २०२६ हेही तसेच आहे.

अशा वर्षानंतर आठवड्यांचे क्रमांक फसवे होतात. २६ जानेवारी २०२६ ला पाचव्या आठवड्यात येते, तर २०२७ मध्ये चौथ्या. प्रजासत्ताक दिनाच्या सवलतींची विक्री क्रमांकाने जुळवली, तर दोन्ही आकडे निरर्थक ठरतील. ३६४ दिवसांचा नियम लावला की मात्र २०२७ चा चौथा आठवडा आपोआप २०२६ च्या पाचव्यासमोर येतो. आठवड्याचा क्रमांक हे नुसते नाव आहे आणि जुळवायचे असतात ते दिवस.

क्रमांकासोबत साल कोणते लिहावे, हाही घोळाचा विषय आहे. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार आयएसओप्रमाणे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. तक्त्यात आठवडा आयएसओचा आणि साल तारखेतले घेतले, तर वर्षअखेरचे ते दोन दिवस जानेवारी २०२४ मध्ये जाऊन बसतात. २०२४ चा पहिला आठवडा नऊ दिवसांचा आणि २०२५ चा पाच दिवसांचा होतो. २९ डिसेंबर २०१४ रोजी ट्विटरच्या यंत्रणेतही आठवड्याचे साल तारखेचे साल म्हणून वापरले गेले. तिने २०१५ सुरू झाल्याचे मानले आणि अँड्रॉइडवरचे अनेक वापरकर्ते आपल्या खात्यांतून बाहेर फेकले गेले.

येथवरचे गणित जगभर सारखेच आहे. इतवारीच्या सराफ्यात मात्र ते अपुरे पडते, कारण तिथली मोठी खरेदी वारावर नव्हे तर तिथीवर चालते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला म्हणजे ४५ व्या आठवड्यात, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला ४४ व्या आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रातील पंचांगांप्रमाणे २१ ऑक्टोबरला ४३ व्या आठवड्यात आले. दीक्षाभूमीवरच्या गर्दीवर अवलंबून असणाऱ्या लॉजवाल्यांना हे वेगळे सांगायला नको: १४ ऑक्टोबर १९५६ ची तारीख स्थिर आहे, पण मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो, आणि दसरा याच तीन वर्षांत अनुक्रमे ४३ व्या, ४१ व्या आणि ४० व्या आठवड्यात पडला.

अशा वेळी लक्ष्मीपूजनाला शून्य दिवस मानून त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचा एक आठवडा समोरासमोर ठेवावा. यात वार बिघडतो, कारण ते तीन दिवस अनुक्रमे रविवार, शुक्रवार आणि मंगळवार होते. तरी माझ्या मते सणाच्या दिवसांत तिथीलाच मान द्यावा, कारण धनत्रयोदशीचे सोने रविवारसाठी थांबून राहत नाही. पगाराची तारीख हे तिसरे घड्याळ आहे: १ नोव्हेंबरची दिवाळी आणि २१ ऑक्टोबरची दिवाळी नोकरदाराच्या खिशाला सारखी नसते. ऋतुमानाचा परिणाम वेगळा काढणाऱ्या एक्स-१३ या संख्याशास्त्रीय प्रणालीत ईस्टरची सोय तयार असते, दिवाळीच्या तारखा मात्र वापरणाऱ्याने स्वतः पुरवायच्या असतात. कूलर विकणाऱ्यांना यातले काहीच लागत नाही. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सूर्याच्या रोहिणी नक्षत्रातल्या प्रवेशाने ठरतो आणि दर वर्षी २५ मेच्या सुमारासच सुरू होतो.

अधिक मासात ३६४ दिवसांची युक्तीही हात टेकते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, आणि अधिक मासात लग्ने लागत नाहीत. मंगल कार्यालये, बँडवाले आणि सराफ यांच्यासाठी २०२५ च्या त्याच आठवड्यांशी केलेली तुलना पडझडच दाखवणार. मागचा अधिक मास २०२३ च्या श्रावणात होता, पण चातुर्मासामुळे तेव्हा मुहूर्त नव्हतेच. समान परिस्थितीसाठी थेट २०१८ च्या अधिक ज्येष्ठाकडे, १६ मे ते १३ जूनकडे, जावे लागते. आणि आठ वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला असल्याने सराफाने ती तुलना रुपयांत न करता ग्रॅममध्ये करावी.