युद्धातली प्रेमकादंबरी आणि प्रेम असलेली युद्धकादंबरी

‘युद्धाच्या पार्श्वभूमीवर फुललेली प्रेमकथा’ हे वाक्य मलपृष्ठावर दिसले की त्या पुस्तकाबद्दल मला काहीही कळत नाही, कारण ते दोन अगदी निराळ्या जातींच्या कादंबऱ्यांवर सर्रास छापले जाते. एक म्हणजे युद्धकाळात घडणारी ऐतिहासिक प्रेमकादंबरी आणि दुसरी म्हणजे जिच्यात प्रेमही आहे अशी ऐतिहासिक युद्धकादंबरी. यांतली दुसरी जात पानिपतावरच्या लेखनावर पोसलेल्या मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. घोळ होतो तो पहिलीबाबत.

किरकोळ फरक आधी बाजूला ठेवतो. प्रेमाला पाने किती आणि लढाईला किती, लिहिणारी बाई आहे की पुरुष, मुखपृष्ठावर पाठमोरा सैनिक आहे की नाही, यांपैकी कशानेही जात ठरत नाही. ‘ऐतिहासिक’ या शब्दाची मर्यादाही सोपी आहे: वॉल्टर स्कॉट यांच्या नावाच्या ऐतिहासिक कादंबरीच्या पारितोषिकासाठी कथानक किमान ६० वर्षांपूर्वीचे लागते, इतरत्र हा आकडा थोडाफार बदलतो, आणि चालू युद्धात त्याच युद्धावर लिहिलेली कादंबरी अर्थातच ऐतिहासिक ठरत नाही.

खरा फरक लेखकाने वाचकाला दिलेल्या शब्दात आहे. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. दुसरी अट ऐकली की आपल्याकडे लगेच नाक मुरडले जाते. गोड शेवट म्हणजे हलके लेखन आणि रडवणारा शेवट म्हणजे साहित्य, हे समीकरण मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला मनापासून वीट आला आहे. या अटीमुळे युद्ध सौम्य होत नाही. युद्धाचा घाव कोठे पडू शकतो, एवढेच तिने ठरते.

ब्रुसेल्समधला जून १८१५ चा एकच आठवडा घेऊ. १५ जूनच्या रात्री रिचमंडच्या डचेसकडे नाचाचा समारंभ चालू असताना नेपोलियन पुढे सरकल्याच्या बातम्या येऊन थडकल्या, आणि काही अधिकारी कपडे बदलायला सवड न मिळाल्याने समारंभाच्याच पोशाखात दुसऱ्या दिवशी कात्र ब्राच्या लढाईत उतरले. वेलिंग्टनचा (बारा वर्षांपूर्वी आपल्या जालन्याकडच्या असईला मराठ्यांशी लढलेला हाच तो ब्रिटिश सेनापती) एक वरिष्ठ अधिकारी होता सर विल्यम डी लान्सी. त्याचे लग्न ४ एप्रिलला झाले होते. १८ जूनला वॉटर्लूवर तोफेचा गोळा त्याच्या पाठीला लागला. त्याच्या पत्नीला, मॅग्डालीनला, आधी तो गेल्याचे आणि मग जिवंत असल्याचे कळले. रणभूमीजवळच्या एका लहानशा घरात ती त्याच्या उशाशी बसून राहिली आणि २६ जूनला तो वारला. ही हकीकत तिने स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्यात प्रेम ओतप्रोत आहे, तरी तिच्यावर बेतलेली कादंबरी युद्धकादंबरीच होईल, कारण येथे शेवटचा शब्द युद्धाचा आहे.

जॉर्जेट हेयर यांनी त्याच आठवड्यावर १९३७ साली ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ लिहिली. तिचा काल्पनिक नायक वेलिंग्टनच्या हाताखालचा अधिकारी आहे. बेलगाम वागणाऱ्या नायिकेशी ठरलेले त्याचे लग्न मोडते, लढाई होते, शहरात येणाऱ्या जखमींची ती शुश्रूषा करते, आणि तो परततो तो एक हात गमावून. दोघे एकत्र येतात. तो वाचणार, हे या जातीची सवय असलेल्या वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते. त्याला पाहायचे असते ते हे, की कोणत्या अवस्थेत वाचणार आणि त्या अवस्थेतल्या माणसासमोर उभी राहणारी ती तोवर कोण झालेली असणार. भोवतालच्या कोणालाही मात्र असे अभय नसते. वॉटर्लूची तास-तासाची हालचाल त्यात इतकी चोख आहे की लढाई पुसट ठेवणाऱ्या कितीतरी ‘गंभीर’ कादंबऱ्यांपेक्षा मला ती अधिक विश्वासार्ह वाटते.

गमावलेला हात कोणाला सोयीस्कर वाटेल, म्हणून सांगतो: वेलिंग्टनचा लष्करी सचिव फिट्झरॉय सॉमरसेट याचा उजवा हात त्याच दिवशी कापावा लागला, आणि बायकोने दिलेली अंगठी त्या बोटात आहे म्हणून तो कापलेला हात त्याने परत मागितला, असे सांगतात.

हाच निकष उलटाही लावून पाहावा. अमेरिकेच्या यादवी युद्धावरची मार्गारेट मिचेल यांची १९३६ ची ‘गॉन विथ द विंड’ प्रेमकादंबऱ्यांच्या यादीत हमखास असते. नायिकेची तीन लग्ने होतात, प्रेम पानोपानी आहे, पण अखेरीस नवरा तिला सोडून निघून जातो. मी तिला प्रेमकादंबरी मानत नाही, आणि यात तिची पायरी खाली येत नाही की वरही जात नाही.

प्रेमकादंबरीतली जोडपी बहुधा काल्पनिक का असतात, हेही यातूनच उलगडते. खऱ्या माणसांचा शेवट ठरून गेलेला असतो. पार्वतीबाई पानिपताहून परतल्या, सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. त्यांनी वैधव्य पत्करले नाही, आणि पुढे भाऊसाहेबांचा तोतयाही उभा राहिला. कादंबरीकाराने त्या तोतयालाच खरा भाऊ ठरवून दोघांची भेट घडवली, तर इतिहासाला दिलेला शब्द मोडतो, आणि भेट न घडवली तर प्रेमकादंबरीच्या वाचकाला दिलेला. पार्वतीबाईंच्या वाट पाहण्यावर जरूर लिहावे, वाचायला मी पहिला असेन. फक्त प्रकाशकाने त्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘फुललेली प्रेमकथा’ छापू नये.