ऊर्जा साठवण (सोलापूर जिल्हा)

ऊन आणि वारा यांपासून मिळणारी वीज पुढच्या तासांसाठी राखून ठेवण्याच्या व्यवस्थेला ऊर्जा साठवण म्हणतात. ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, विजेची निर्मिती आणि वापर क्षणोक्षणी जुळावा लागतो. तो जुळला नाही की ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) वारंवारता ढळते. सोलापुरात ऊन मुबलक आहे, त्यामुळे सौर प्रकल्पांना जिल्हा सोयीचा. अडचण दिवस मावळल्यावर येते: घरे, दुकाने, यंत्रमाग यांची मागणी टिकून असते किंवा वाढते आणि सौर वीज शून्यावर येते.

सध्या ही उणीव मुख्यतः कोळसा भरून काढतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजकंपनीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. असे मोठे संच दुपारी पूर्ण बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवणे परवडत नाही. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार कोळशावरच्या संचांना क्षमतेच्या ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरता आले पाहिजे. त्याखालचा चढउतार पेलायला साठवण हवी.

जुनी आणि भरवशाची पद्धत उदंचन जलविद्युतची. जादा वीज असताना पाणी वर चढवायचे, गरज पडली की तेच पाणी टर्बाइनवर सोडायचे. घातलेल्या विजेपैकी ७५ ते ८० टक्के परत मिळते. मात्र एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवले तरी जेमतेम पाव युनिट ऊर्जा साठते, म्हणून उंची तरी हवी किंवा पाणी तरी अमाप हवे. सह्याद्रीत उंची आहे; घाटघरचा प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. भीमेकाठच्या पठारावर ती नाही. उजनी धरणावर पंप आणि टर्बाइन असा उलटसुलट चालणारा १२ मेगावॉटचा संच आहे, पण ११७ टीएमसीच्या उजनीत निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्याचे, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न सोडता येणारे. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य जिल्ह्यात घरोघरी ऐकू येते. पिण्याचे पाणी, ऊस आणि वीजकेंद्र यांची ओढाताण आधीच असताना उजनीवर साठवणीचा आणखी भार टाकणे शहाणपणाचे नाही.

बॅटरीला पाणी लागत नाही आणि ती सेकंदाच्या आत प्रतिसाद देते. ग्रीडसाठी बहुधा लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल वापरतात. ८५ टक्क्यांच्या आसपास वीज परत मिळते. दिल्लीत रोहिणी येथे २०१९ मध्ये १० मेगावॉटची बॅटरी बसली, ती तासभर पुरते. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात सेल लवकर झिजतात. त्यांना थंड ठेवायलाही वीज लागते, आणि हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात आधीच धरायला हवा.

सर्वांत स्वस्त साठवण शेतात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून (२०१७) वीज उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पाची वीज थेट कृषिपंपांना दिवसा मिळते. सांगोल्याकडचा डाळिंबवाला दुपारी विहिरीचे पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात चढवून ठेवतो आणि सवडीने ठिबकला सोडतो. पाणी साठले म्हणजे ते उपसण्याची वीजही साठल्यासारखीच. रात्रीच्या लाईटसाठी विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जाणेही टळते. हा लाभ वीजबिलात दिसत नसला तरी मोठा आहे.

या उपायालाही हंगामाची मर्यादा आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, पंप थांबतात, आणि ऊन तेव्हाच शिगेला पोहोचलेले असते. ती वीज बॅटरीत घालावी लागते, नाहीतर बाहेर धाडावी लागते. बाहेरचा मार्ग सोलापूरजवळ रुंद आहे: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले. तरीही सूर्य देशभर सुमारे दोन तासांच्या आत मावळतो, त्यामुळे संध्याकाळची गरज वाहिनी एकटी भागवू शकत नाही.