पोटातला क्षय आणि अडकलेली साखर

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंचं पोट चार महिने दुखत होतं. संध्याकाळची कणकण, वजन उतरलेलं, पोटात पाणी, रक्तात सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेत तपासतात ते प्रथिन) वाढलेलं. पोटाच्या क्षयातही ते वाढतं, पण घरात सगळ्यांच्या मनात कॅन्सरच होता. पाणी तपासूनही नक्की काही ठरेना, तेव्हा डॉक्टरांनी पेट-सीटी स्कॅन सांगितला.

"त्यात कळेल ना गं, कसला आजार ते?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, कसला ते नाही, कुठे आहे ते कळेल.

सीटीत अवयवांचा आकार दिसतो, पेटमध्ये पेशींची भूक. सहा तास उपाशी ठेवून शिरेतून एफडीजी देतात. हे ग्लुकोजच, फक्त एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं. पेशी साखर समजून ते आत घेते, पण पचवू शकत नाही आणि ते तिथेच अडकतं. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा कण, जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडला की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्राचं कडं ते टिपतं आणि साखर कुठे साठली आहे ते दाखवतं. दर ११० मिनिटांनी हे फ्लोरिन निम्मं होतं, त्यामुळे सगळी घाई.

क्षयाच्या जंतूंना घेरून बसलेल्या संरक्षक पेशी फार साखर ओढतात. म्हणून पोटातल्या गाठी, पोटाचं अस्तर आणि लहान आतडं मोठ्याला मिळतं तो उजवीकडचा भाग, क्षयाची आवडती जागा, उजळून दिसतात. पण कॅन्सरही उजळतो, आतड्याला सूज आणणारा क्रोन्सचा आजारही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर निरोगी आतडंसुद्धा! नुसता उजेड पाहून क्षयाची औषधं सुरू करणं किंवा कॅन्सर जाहीर करणं, दोन्ही मला धोक्याचं वाटतं.

याचा खरा उपयोग सुई कुठे घालायची ते ठरवण्यात आहे. काकूंच्या पोटासोबत डाव्या हंसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर एक बारीक गाठ उजळली होती. ती कुणाच्याच हाताला लागली नव्हती. पोट न उघडता तिचाच तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या खुणा दिसल्या, सीबीनॅट या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत जंतूही सापडला, आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला तो दाद देतो हेही कळलं.

पाण्याच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीत उत्तर मिळालं असतं, तर एवढ्या खर्चाची आणि किरणांची गरज नव्हती. काकूंची सहा महिन्यांची औषधं मात्र सरकारी केंद्रातून फुकट मिळताहेत.