एका सैनिकाची किंमत: स्वस्तातल्या वॉरगेमिंगची जुनी गोष्ट

दहा प्लास्टिकचे सैनिक, तेही सुटे भागांत, म्हणजे कापायचे आपण, चिकटवायचे आपण, रंगवायचे पण आपणच, आणि डब्याची किंमत भारतात पोचेपर्यंत चार हजारांच्या पुढे. टेबलटॉप वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याच्या, नादी लागलेल्या प्रत्येकाची पहिली बोंब हीच असते आणि दुसरी म्हणजे "पूर्वी असं नव्हतं हो". आता हे पूर्वीचं जे आहे ना ते अर्धंच खरंय. हा छंद मुळात राजेरजवाड्यांचा, आणि जेव्हा जेव्हा कुणीतरी एक सैनिक स्वस्तात पाडायची युक्ती काढली तेव्हा तेव्हा तो पसरला. नियम-बियम सगळे नंतर.

राजापासूनच सुरू करू. १८१२ साली प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या बॅरनने तिसऱ्या फ्रेडरिक विल्यम राजाला युद्धाचा एक खेळ करून दिला. टेबल कसलं, कपाटच ते, खाली खण, वर चौकोनी तुकडे जोडून डोंगर-नद्या-गावं हवी तशी मांडायची. राजवाड्यात मस्त शोभलं, पण तिथून हललं नाही, कारण असलं फर्निचर कोण करून घेणार? मग त्याच्याच मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये तोच खेळ कागदाच्या नकाशावर आणला, पलटणींच्या जागी लाल-निळे छोटे ठोकळे, सगळा संसार एका पेटीत. जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याने तो बघितला, खूश झाला, सैन्यात वापरा म्हणून शिफारस केली आणि मग 'क्रीग्सश्पील' पलटणीपलटणीत गेला. बापाचं कपाट राहिलं बाजूला, पोराची पेटी चालली. (त्याच्याही आधी १७८० मध्ये हेलविग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने बुद्धिबळाचा पट प्रचंड वाढवून युद्धखेळ केला होता, आणि बुद्धिबळ म्हणजे शेवटी आपलं चतुरंग, पण तेवढ्यावरून कॉलर ताठ करण्यात काही अर्थ नाही.)

पण ठोकळे म्हणजे सैनिक नव्हेत. सैनिक तयार होत होते न्यूरेंबर्गला. तिथले कारागीर स्लेटच्या दगडात उलटी आकृती कोरायचे आणि त्यात कथील-शिशाचं मिश्रण ओतून चपटे सैनिक काढायचे, पोस्टाच्या तिकिटासारखे पातळ, एका बाजूने बघितलं की सैनिक आणि समोरून बघितलं की नुसती रेघ. चपटे का, तर धातू कमी लागतो, इतकं साधं आहे ते. लाकडी पातळ डब्यांत भरून हे चक्क वजनावर विकले जायचे, वाण्याकडच्या डाळीसारखे! हाइनरिक्सन नावाच्या घराण्याने पुढे ३० मिलिमीटर उंची धरली आणि ती इतरांनीही उचलली, त्यामुळे एकाकडचे घोडेस्वार दुसऱ्याच्या पायदळाशेजारी विचित्र दिसेनात. आणि ज्यांना कथीलही परवडत नव्हतं त्यांच्यासाठी स्ट्रासबुर्गला आणि नंतर एपिनालला छापील कागदी सैनिक होतेच, तक्ता आणा, कात्रीने कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. या कागदवाल्यांना विसरू नका, ते शेवटी परत येणारेत.

भरीव गोल सैनिक मात्र महागच राहिले, तेही जर्मनीतून येणारे. ते मोडलं १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने. युक्ती अशी की साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर साच्याला लागून गोठला की आतलं पातळ शिसं लगेच परत ओतून घ्यायचं. राहतं ते कवच, आत पोकळ. धातू थोडका, वजन कमी, किंमत कमी, आणि दिसायला भरीव सैनिकाइतकाच ऐटबाज. ५४ मिलिमीटरचे हे गडी इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय घराघरात गेले, आणि घरात सैनिक आले की आज ना उद्या कुणीतरी मोठं माणूस जमिनीवर पालथं पडून खेळायला लागणारच. एच. जी. वेल्स लागला. १९१३ मध्ये त्याने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढलं, त्यात नियम लिहिले, आणि सगळा खेळ कशावर उभा तर स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेवर, जी लाकडी गोळी उडवते आणि समोरचा सैनिक खरोखर पाडते. फासे नाहीत, तक्ते नाहीत. पडला तो मेला. टेकड्या-घरं म्हणजे घरातले लाकडी ठोकळे आणि फळ्या. बजेट वॉरगेमिंगचं हे पहिलं पुस्तक असं मी म्हणेन, कुणी वाद घातला तर घालू दे.

आता माझा आवडता भाग, एअरफिक्स. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे गरम प्लास्टिक दाबाने साच्यात मारायचं तंत्र खेळण्यांमध्ये घुसलं, आणि वूलवर्थ्समध्ये दोन शिलिंगला जहाजं-विमानं विकणाऱ्या या कंपनीने १९५९ मध्ये मॉडेल रेल्वेच्या मापाचे छोटे सैनिक काढले, इंचापेक्षाही बुटके. पहिला सेट युद्धाचा पण नव्हता, गार्ड्सचा बँड होता! पुढे पायदळ, काउबॉय, रोमन, अमेरिकन यादवी युद्ध असं सगळं आलं. डब्यात चाळीस-पन्नास नग, किंमत दोन शिलिंग म्हणजे जुने २४ पेन्स, हिशोब करा, सैनिकामागे जेमतेम अर्धा पेनी. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशात पलटण. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' आलं (हा गृहस्थ साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबचा फिजिओथेरपिस्ट होता, संध्याकाळी नेपोलियन), आणि तेव्हाच्या पोरांकडे पुस्तक, एअरफिक्सचे डबे आणि जेवणाचं टेबल एवढं असलं की झालं.

फक्त एक लोचा होता. दुकानात जे मिळतं तेवढंच सैन्य. नेपोलियनच्या काळातले सेट एअरफिक्सने साठचं दशक सरत आल्यावर काढले, तोपर्यंत ज्याला वॉटर्लू खेळायचंय त्याने करायचं काय? तर अमेरिकन यादवीतला शिपाई घ्यायचा, ब्लेडने मुंडकं उडवायचं, दुसऱ्या सेटमधलं मुंडकं आणायचं, मध्ये टाचणीचा तुकडा खुपसून दोन्ही जोडायचे, कागदाच्या पट्टीची खांद्यावरची पट्टी, दोऱ्याचा तुरा, की झाला फ्रेंच. असे शंभर करायचे! आणि ते प्लास्टिक मऊ पॉलिथिलीन, त्यावर गोंद धरत नाही आणि रंग तर असा पोपडे निघून पडतो की बंदूक जरा वाकली की आख्खा रंग उतरला. म्हणून आधी साबणाच्या पाण्यात धुवा, मग पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या, मग रंग, मग वरून वार्निश. आज ज्याला लोक किटबॅश म्हणतात आणि व्हिडिओ टाकतात ते हेच, तेव्हा त्याला नाव नव्हतं, नुसती गरज होती.

धातूवालेही गप्प बसले नव्हते. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबीने पन्नाशीच्या दशकात रबराच्या साच्यात ओतलेले छोटे सैनिक खास वॉरगेमर्ससाठी विकायला काढले, रबराचा साचा घरगुती माणसालाही जमतो त्यामुळे गॅरेजमध्ये बसून कुणीही कारखानदार होऊ शकत होता. इंग्लंडात पण असे छोटे उद्योग निघाले. आणि अमेरिकेत गॅरी गायगॅक्सच्या टोळक्याला राक्षस हवे होते पण राक्षस कोण बनवतंय, तर त्यांनी हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांची पिशवी आणली, ज्यातले अर्धे प्राणी कुठल्याच शास्त्राला माहीत नसलेले. त्यातूनच पुढे त्यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या जादू-राक्षसांच्या खेळातले आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे राक्षस आले. जगभर गाजलेली भुतं, आणि मूळ काय तर जत्रेत मिळतं तसलं खेळणं.

गेम्स वर्कशॉप या इंग्लंडातल्या कंपनीची कथा बहुतेकांना माहितीये म्हणून पटकन. १९७५ ला लंडनमध्ये तीन मित्र, सुरुवात लाकडी पट विकण्यापासून, मग छोटे सैनिक ओतणारी सिटाडेल मिनिएचर्स, १९८३ ला वॉरहॅमर हा युद्धखेळ, १९८७ ला त्याचाच अंतराळातला भाऊ रोग ट्रेडर आणि त्याच्या आगेमागे ३० प्लास्टिक स्पेस मरीनचा डबा. तेव्हा यांच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा कसा करायचा हे छापून येत होतं. आज तो रणगाडा विकत घ्यावा लागतो.

महाग का झालं याचं उत्तर लोक 'लोभ' असं देतात, असेल थोडा, पण साच्याचं गणित पण समजून घ्या. रबराचा साचा स्वस्त, पण काही शे ओतकामांत खलास होतो आणि धातूला दर नगामागे पैसे लागतातच. प्लास्टिकचा पोलादी साचा एकदा करायला प्रचंड खर्च, पण नंतर लाखो स्प्रू (सुटे भाग लागलेल्या चौकटी) काढा, आतलं प्लास्टिक कवडीमोल. म्हणजे तुम्ही पैसे देता ते साच्याचे, शिल्पकाराचे, दुकानाच्या भाड्याचे. म्हणूनच जो विषय भरपूर खपतो, म्हणजे नेपोलियन, दुसरं महायुद्ध, त्याचे प्लास्टिक डबे स्वस्त, आणि कुणाला कधी पेशव्यांची फौज हवी असेल तर बसा शोधत. शिशाचंही झालंच, १९९३ च्या सुमारास अमेरिकेत शिशाविरुद्धच्या कायद्यांच्या धास्तीने कंपन्या कथलाच्या महाग मिश्रधातूकडे वळल्या आणि किमती ज्या चढल्या त्या खाली आल्या नाहीत.

यावर दोन उतारे निघाले. एक म्हणजे सैन्यच लहान करा. १९९० च्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' नियमांनी, ज्याला सगळे डीबीए म्हणतात, आख्खी फौज १२ तुकड्यांत बसवली, टेबल जेमतेम दोन फूट बाय दोन फूट. शेकडो सैनिक रंगवता रंगवता म्हातारे होणाऱ्यांना हे वरदानच होतं. २०१५ च्या फ्रॉस्टग्रेव्हमध्ये तर एका खेळाडूला दहाच माणसं लागतात आणि कुठल्याही कंपनीची चालतात. दुसरा उतारा म्हणजे जुनं घ्या. कुणीतरी शाळेत असताना थापलेल्या जाड रंगाचे सैनिक सेकंडहँड आणायचे आणि रंग उतरवायचा, इंग्लंडात त्यासाठी काय वापरतात माहितीये? डेटॉल! बरणीत निर्जळ डेटॉल, त्यात सैनिक एक-दोन दिवस बुडवून ठेवायचे, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. फक्त घासताना पाणी लावायचं नाही, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट चिखल होतो आणि तो कोपऱ्याकोपऱ्यात बसतो, आधी डेटॉलमध्येच स्वच्छ करायचं आणि पाणी-साबण शेवटी. घराला दवाखान्याचा वास येतो तो वेगळा.

आणि मग थ्रीडी प्रिंटर. २००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयरने रेपरॅप हा स्वस्त थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला, २००९ ला त्या तंत्राचं मूळ पेटंट संपलं, यंत्रं स्वस्त झाली, पण प्लास्टिकची वायर वितळवून थर रचणाऱ्या त्या प्रिंटरने घरं-भिंती ठीक, चेहरे मात्र मेणबत्ती वितळल्यासारखे. २०१८ च्या आसपास स्वस्त रेझिन प्रिंटर (पातळ रेझिन प्रकाशाने घट्ट करणारे) आले आणि चेहऱ्यावरच्या मिशा दिसायला लागल्या. एका सैनिकाला काही मिलिलिटर रेझिन. परत एकदा अर्धा पेनी! फक्त हातमोजे, मास्क, उघडी खिडकी आणि आईला समजावणं हे किमतीत धरलेलं नाही.

आपल्याकडे हे आणखी जोरात लागू पडलं त्याचं कारण कस्टम्स. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यावर कुरियर, त्यावर जीएसटी. धोरण देशी खेळणी उद्योगासाठी होतं, मिनिएचरवाले त्यात चिरडले गेले एवढंच. त्यामुळे इथला माणूस ग्रीन स्टफ या परदेशी पुट्टीऐवजी एम-सील मळतो, सैनिकाच्या पायाखालच्या बेसला रुपयाची नाणी वापरतो, टेकडी थर्माकोलची करतो. दिवाळीत किल्ला केलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, तिथेही गोणपाट, माती आणि वर पेरलेले अळीव, आणि महाराज दरवाज्यापेक्षा दुप्पट उंच. स्केलचा विचार आम्ही तेव्हाही केला नव्हता.

कागदवाले पण परत आलेत. पीटर डेनिस या चित्रकाराने कापून उभे करायचे कागदी सैनिक काढलेत, घरच्या प्रिंटरवरही छापता येतात, म्हणजे स्ट्रासबुर्गचाच तक्ता. मी गेल्या जूनमध्ये रेझिनच्या चोवीस रोमनांवर भर पावसात गॅलरीत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला, दमट हवेने प्रायमरची भुकटी बसली आणि सगळे रोमन पिठीसाखरेत घोळल्यासारखे झाले. ते आता बरणीत आहेत, पुढच्या स्प्रेला ऑक्टोबर उजाडेल, तोवर कागदी रोमन कापतोय आणि शेजारची चिमुरडी रोज विचारते की यांच्यात महाराज कुठेत.