पार्श्वभूमी: कर वाढवला आणि मतंही वाढली, स्वीडन १९६०

१८ सप्टेंबर १९६० रोजी स्वीडनमध्ये मतदान झालं, तेव्हा सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाने नवा विक्रीकर लागू करून नऊ महिनेही झाले नव्हते. दर ४ टक्के, आणि तो किराणा मालावरही. गरिबाला जास्त टोचणारा कर. विरोधकांना प्रचारासाठी यापेक्षा सोपा मुद्दा मिळाला नसता, आणि त्यांनी त्यावर झोडही उठवली. निकाल लागला तो असा: सोशल डेमोक्रॅट दोन वर्षांपूर्वीच्या ४६.२ टक्क्यांवरून ४७.८ टक्क्यांवर गेले आणि करकपातीसाठी सर्वांत जोर लावणारा उजवा पक्ष १९.५ वरून १६.५ वर घसरला.

खिशातून पैसे काढून घेणाऱ्याला लोक पुन्हा का निवडून देतात? स्वीडिश लोक मुळातच समजूतदार, असं एक उत्तर दिलं जातं. मला ते पटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा स्वीडन गरीब होता, विषम होता, आणि गरिबाला वागवण्याची तिथली रीत ऐकवत नाही. अनाथ मुलं आणि निराधार म्हातारी माणसं यांचा गावात लिलाव व्हायचा. त्यांना सांभाळण्यासाठी गावाकडून सर्वांत कमी पैसे मागणाऱ्याच्या घरी त्यांची रवानगी व्हायची. हा प्रकार कायद्याने बंद झाला तो १९१८ मध्ये. त्यानंतरही जो कायमचा गरीब-मदतीवर जगत असे त्याला मताचा अधिकार नव्हता. ती अट १९४५ पर्यंत होती. मदत घेणं म्हणजे नागरिकत्वाचा एक तुकडा गमावणं, ही गोष्ट त्या पिढीने डोळ्यांनी पाहिली होती. पुढचं सारं समजून घ्यायचं तर हे आधी ध्यानात ठेवावं लागतं.

१९२८ मध्ये पक्षाचे नेते पेर आल्बिन हान्सोन यांनी संसदेत देश म्हणजे सगळ्यांचं घर ही कल्पना मांडली. चांगल्या घरात कुणी लाडका नसतो आणि कुणी सावत्रही नसतो, असा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. १९३२ मध्ये पक्ष सत्तेवर आला. पण घराची ही भाषा व्यवहारात उतरवली ती मुख्यतः समाजकल्याण मंत्री गुस्ताव मोलर यांनी. मोलर गरिबीत वाढले होते. मदत मागायला आलेल्या माणसाची चौकशी करायची, त्याच्या घरात काय आहे ते पाहायचं आणि मग हातावर काही ठेवायचं, ही पद्धत त्यांना मोडून काढायची होती. म्हणून त्यांचा आग्रह असा की जे द्यायचं ते सगळ्यांना द्या. वृद्धांच्या मूळ पेन्शनवरची उत्पन्नाची अट काढण्याचा निर्णय १९४६ मध्ये झाला.

१९४८ चा बालभत्ता हे या विचाराचं सर्वांत बोलकं उदाहरण. आधी मुलं असलेल्यांना करात सवलत मिळे. साहजिकच, ज्याचं उत्पन्न मोठं त्याला फायदा मोठा आणि ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याला काहीच नाही. ती सवलत काढून प्रत्येक मुलामागे वर्षाला २६० क्रोनर रोख द्यायला सुरुवात झाली. कारखानदाराच्या मुलाला तेवढेच, मोलकरणीच्या मुलाला तेवढेच. कुठलाही दाखला नाही, चौकशी नाही. पैसे आईच्या हाती जात. स्वतःचं उत्पन्न नसलेल्या असंख्य बायकांना सरकारकडून स्वतःच्या नावावर मिळणारी ती पहिली रक्कम होती. आपण भरलेल्या कराचं काय होतं, हे त्यांना वर्तमानपत्रात वाचावं लागत नव्हतं.

श्रीमंताला भत्ता कशाला, असा प्रश्न आपल्याकडेही नेहमी विचारला जातो आणि तो वरवर न्याय्य वाटतो. पण वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या अभ्यासकांनी १९९८ मध्ये अनेक देशांची तुलना करून उलटच मांडलं: फक्त गरिबांसाठी राखलेल्या योजना शेवटी गरिबांनाही कमी देतात. कारण मध्यमवर्ग त्या योजनांचे पैसे भरतो पण त्यांच्या बाजूने उभा राहत नाही, आणि पहिली कात्री तिथेच लागते.

आता पेन्शनचा वाद. १९५० च्या दशकात कचेरीतल्या बऱ्याच नोकरदारांना मालकाकडून जादा पेन्शन होती. कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना ती नव्हती. त्यांच्या वाट्याला सरकारची तुटपुंजी मूळ पेन्शनच यायची. मालकांच्या वर्गणीतून सगळ्या पगारदारांना सक्तीची, कमाईशी बांधलेली पेन्शन द्यावी, असा प्रस्ताव सोशल डेमोक्रॅटांनी आणला. ऑक्टोबर १९५७ मध्ये त्यावर सार्वमत झालं. तीन पर्याय होते. सरकारच्या पर्यायाला ४५.८ टक्के मतं पडली, म्हणजे सर्वांत जास्त, पण बहुमत नाही. शेतकरी पक्षाबरोबरची युती तुटली, १९५८ मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली आणि सभागृहात प्रस्तावाचे समर्थक आणि विरोधक अगदी समसमान झाले. १४ मे १९५९ रोजी कायदा ११५ विरुद्ध ११४ अशा एका मताने पास झाला. गोटेनबर्गचे लिबरल खासदार तुरे क्योनिग्सन यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध तटस्थ राहायचं ठरवलं, म्हणून. ते स्वतः कामगार होते. त्यांच्या पक्षाने त्यांना ही तटस्थता कधी विसरू दिली नाही.

मूळ पेन्शन धरून निवृत्तीनंतर कमाईच्या साधारण दोन तृतीयांश रक्कम हाती यावी, असा या योजनेचा हिशोब होता. हिशोबासाठी सर्वांत चांगल्या कमाईची पंधरा वर्षं धरली जात. याचा राजकीय अर्थ मोठा होता. चांगला पगार असलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, तंत्रज्ञाला आता सरकारी पेन्शन आपलीही वाटू लागली. कामगारांचा पक्ष कामगार आणि पगारदार मध्यमवर्ग या दोघांचा पक्ष झाला तो इथे.

विक्रीकराचं पाऊल मात्र पक्षाला स्वतःलाच जड गेलं. युद्धकाळात असाच कर होता आणि १९४७ पासून तो याच पक्षाने रद्द केला होता. अर्थमंत्री गुन्नार स्ट्रेंग यांनी तो परत आणला तेव्हा कामगार संघटनांत नाराजी होती. कम्युनिस्टांचा विरोध होता, पण सरकार पडू नये म्हणून ते मतदानात तटस्थ राहिले. स्ट्रेंग यांचं म्हणणं सरळ होतं: शाळा, दवाखाने, घरं, पेन्शन हवी असतील तर नुसत्या श्रीमंतांवरच्या करातून ती होत नाहीत. पंतप्रधान टागे एर्लांडर याला जोड देत होते ती आणखी एका विचाराची. लोकांची ऐपत वाढते तशा त्यांच्या गरजाही बदलतात. गाडी स्वतःच्या पैशांनी घेता येते, पण रस्ता घेता येत नाही. मुलाला पुढे शिकवायचं ठरवता येतं, पण शाळा सगळ्यांनी मिळूनच उभी करावी लागते.

म्हणून १९६० च्या प्रचारात कराचा प्रश्न एकटा उरला नाही. उजव्या पक्षाचे नेते यार्ल यालमारसन कर कमी करू म्हणाले, तेव्हा पुढचा प्रश्न आलाच: मग कापणार काय? त्यांनी प्रामाणिकपणे यादी दिली. त्यात बालभत्त्यातली कपात होती आणि नव्या पेन्शन योजनेला विरोध होता. टीव्हीवर रंगलेली स्वीडनची ही पहिली निवडणूक, त्यामुळे हे घराघरांत ऐकलं गेलं. मतदारासमोर एका बाजूला ४ टक्के होते, तर दुसऱ्या बाजूला आईच्या हाती येणारा भत्ता आणि बापाची पेन्शन. पुढच्याच वर्षी यालमारसन पक्षनेतेपदावरून पायउतार झाले.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ते भरभराटीचे दिवस होते. पगार दरवर्षी वाढत होते, त्यामुळे कर वाढूनही हातात पडणारी रक्कम कमी होत नव्हती. शिवाय १९४७ पासून प्राप्तिकर पगारातूनच कापला जाई. अशा काळात कर वाढवणं सोपं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि लोकांच्या सोसण्यालाही अंत होताच. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग करात जाऊ लागला. मार्च १९७६ मध्ये मुलांच्या लाडक्या लेखिका अस्त्रिद लिंडग्रेन यांच्या लक्षात आलं की त्यांच्या वाढीव कमाईवर १०२ टक्के कर बसतो आहे. त्यांनी त्यावर एक बोचरी कथा वर्तमानपत्रात छापली. स्ट्रेंग यांनी त्यांच्या आकडेमोडीची टिंगल केली, पण आकडा लेखिकेचाच बरोबर निघाला. स्वतः सोशल डेमोक्रॅट असलेली बाई हे बोलते आहे, याचा परिणाम झाला. त्या सप्टेंबरात, अणुऊर्जेच्या वादाचीही भर पडून, पक्षाची ४४ वर्षांची सत्ता गेली. भांडण कर असण्याचं नव्हतं. जिथे हिशोब डोळ्यांना विचित्र दिसतो आणि मंत्री हसण्यावारी नेतो, तिथे माणूस तुटतो.

भरभराट नसतानाही कर वाढवून मतं मिळू शकतात का, याची परीक्षा १९९४ मध्ये झाली. १९९२ च्या चलनसंकटात मध्यवर्ती बँकेने काही दिवस व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला होता. बेकारी भडकली होती, तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर गेली होती. विरोधात बसलेल्या सोशल डेमोक्रॅटांनी मतदानाआधीच सांगून टाकलं की खर्चही कापू आणि करही वाढवू. ४५.३ टक्के मतं घेऊन ते सत्तेवर आले. अर्थमंत्री योरान पर्सन यांनी भत्त्यांना कात्री लावली, त्यात बालभत्ताही होता. त्याचबरोबर मोठ्या उत्पन्नावर १९९५ पासून ५ टक्क्यांचा तात्पुरता जादा कर बसवला. वरच्यांनाही झळ बसते आहे हे दिसल्याशिवाय खालच्यांनी कपात सोसली नसती, असं मला वाटतं. तो ‘तात्पुरता’ कर रद्द झाला २०२० मध्ये.